दहा फुटी बहावा विकत घेण्याआधी त्याची मुळे पाहा

पुण्यातल्या बावधनच्या नव्या रो-हाउससमोर १२ बाय ८ फुटांची माती मोकळी आहे, तिथे पर्यावरणाला उपयोगी पडतील अशी देशी झाडे लावायची आहेत, आणि नर्सरीवाल्याने दहा फूट उंचीचा बहावा व तेवढाच कदंब असे दोन्ही मिळून साडेसात हजारांना देऊ केले आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. ‘तयार सावली मिळेल, वर्षे वाया जाणार नाहीत’ हे त्यांचे वाक्य तुम्ही जसेच्या तसे दिले आहे, आणि ते वाचून मी थबकले, कारण २०११ च्या जूनमध्ये जवळजवळ याच शब्दांत मलाही असाच एक बहावा विकला गेला होता. तुम्ही अजून पैसे दिलेले नाहीत, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

मी वनस्पतिशास्त्राची अभ्यासक नाही. माझी नोकरी हिशेबाच्या वह्यांत गेली आणि झाडांविषयी जे काही कळते ते चुकांतून आणि टेकडीवरच्या भटकंतीतून कळले आहे, तेव्हा हे एका घराचा अनुभव म्हणूनच वाचावे. खड्डा पावसाआधी तापू द्यावा, शेणखत पूर्ण कुजलेले असावे, या गोष्टी तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून त्या सांगत बसत नाही.

आमचा बहावा नऊ फुटांचा होता आणि मोठ्या काळ्या पिशवीतून आला होता. टेम्पोतून उतरवायला तीन माणसे लागली, आणि मातीचा गोळा फुटू नये म्हणून पिशवी नुसती खालून फाडून तो अलगद खड्ड्यात ठेवावा, असे नर्सरीच्या माणसाने बजावले. आम्ही तसेच केले. झाड जगले, एवढेच नाही तर २०१५ च्या मे महिन्यात असे फुलले की गल्लीतून जाणारी माणसे थांबून छायाचित्रे घेत. काळे भुंगे दिवसभर फुलांवर घोंघावत असत. आपण फार मोठे काम केले, असे मला तेव्हा वाटत होते, हे कबूल करायला हवे.

२०१९ च्या जूनच्या सुरुवातीला वळवाचा जोराचा पाऊस आला आणि वाऱ्याच्या एकाच झोताने ते झाड बुंध्यापासून आडवे झाले. सुदैवाने कोणी खाली नव्हते. आमची कुंपणाची भिंत आणि शेजारच्या काकांची स्कूटर एवढ्यावर निभावले. खोड मोडलेले नव्हते, फांद्या निरोगी होत्या, कीड कुठेच नव्हती. मात्र उघडे पडलेले मूळ पाहिले आणि आठ वर्षांपूर्वीची ती पिशवी पुन्हा समोर आली, कारण मातीखालच्या मुळांचा आकार हुबेहूब पिशवीचाच होता. डोक्यावर हंडा घेण्यासाठी बायका चुंबळ वळतात, तशी मनगटाएवढी जाड मुळे एकावर एक गोल फिरलेली होती आणि त्यांतले एक मूळ खोडाच्या तळाशी फास बसावा तसे रुतले होते. गंमत म्हणजे त्या मोठ्या गुंडाळीच्या आत आणखी एक लहान गुंडाळी होती, अगदी लहानपणीच्या छोट्या पिशवीच्या मापाची. बाहेर जमिनीत पसरलेली मुळे मोजायला एका हाताची बोटे पुरेशी होती, आणि सोटमूळ असे म्हणावे तर काहीच नव्हते.

याचे कारण नंतर समजले आणि ते अगदी साधे आहे. मुळाचे टोक प्लॅस्टिकला अडले की ते थांबत नाही, वळते आणि कडेकडेने फिरत राहते. रोप वेळेवर मोठ्या पिशवीत बदलले नाही, किंवा बदलताना वेटोळे न सोडवता तसेच ठेवले, तर ती वळलेली मुळे जाड होऊन लाकडासारखी कठीण होतात, आणि मग जमिनीत लावल्यावरही त्यांची ती दिशा सुटत नाही. वर मात्र झाड वाढतच असते, कारण पाणी आणि खत मिळत असते. मग पानाफुलांनी जड झालेला शेंडा, पावसाने भिजलेली मऊ माती आणि खाली नुसती चुंबळ, असा हा हिशेब एखाद्या वादळात पुरा होतो. दहा फुटी रोप बहुधा दोनतीन वर्षे विक्रीची वाट पाहत पिशवीत उभे असते, हे ‘तयार सावली’ म्हणणारा सांगत नाही. सगळ्याच नर्सऱ्या अशा नसतात आणि काही जण रोपे फार निगुतीने वाढवतात, हेही नोंदवते.

मला सर्वांत जास्त खटकते ते हे की झाडाने सूचना दिली होती. तीन वर्षांनंतरही आधाराचा बांबू सोडला की ते कलत असे, आणि वाऱ्यात खोड वरून वाकण्याऐवजी तळापासूनच हलत असे, इतके की बुंध्याभोवती मातीत बोटभर फट पडे. मी ती फट दरवेळी माती टाकून बुजवली आणि बांबू आणखी घट्ट बांधला. त्या वेळी माती उकरून मुळे पाहिली असती, तर गळफास घालणारे मूळ कापता आले असते.

२०१७ मध्ये झाड जास्तच कलले, तेव्हा मी एका कार्यालयात तोंडी विचारायला गेले होते. तिथे ‘झाड पडलेले नाही ना, मग आमचे काम नाही’ असे उत्तर मिळाले. दोन वर्षांनी ते पडले, तेव्हा त्याच कार्यालयात ‘पडले की पाडले, हे आधी ठरावे लागेल’ असे ऐकवण्यात आले, आणि घरपट्टीची पावती, छायाचित्रे, अर्ज, पुन्हा दुसऱ्या टेबलावर तोच अर्ज, असे करता करता नऊ दिवस अर्धी गल्ली अडली. काकांनी त्या नऊ दिवसांत मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, त्याने मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले. कार्यालयाचे नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. त्यातून एवढेच घ्या की राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरात स्वतःच्या अंगणातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. हा कायदा असावा या मताची मी आहे. पण त्यामुळेच लावताना झालेली चूक पुढे स्वतःच्या मर्जीने निस्तरता येत नाही, आणि झाड धोकादायक वाटू लागले तर तोंडी न विचारता लेखी अर्ज द्यावा, आवक क्रमांक घेऊन तो जपून ठेवावा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. माझे स्पष्ट मत असे की दीडदोन फुटांपेक्षा उंच रोप घेऊच नये. लहान रोप नव्या जागेत लवकर रुळते आणि काही वर्षांत मोठ्या रोपाची बरोबरी करते. घेताना पिशवीच्या तळाची भोके पाहा. तिथून जाड मुळे बाहेर येऊन जमिनीत शिरलेली असतील तर ते रोप सोडून द्या. एक पिशवी बाजूने उघडून दाखवण्याची विनंती करा, आणि विक्रेता नाही म्हणाला तर त्यातच उत्तर मिळाले असे समजा. लावताना पिशवी पूर्ण काढावी, गोळ्याच्या कडेची वेटोळी बोटांनी मोकळी करावी, जी सुटत नाहीत ती धारदार चाकूने उभी चिरावीत. असे करताना माझाही हात थरथरतो, पण चिरलेल्या जागी नवी मुळे फुटतात आणि ती बाहेरच्या बाजूला जातात. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो भाग मातीत पुरू नये. आधाराची दोरी सैल असावी आणि वर्षभरानंतर काठी काढून टाकावी, कारण थोडे हलल्याशिवाय खोडाला बळ येत नाही.

बावधनकडच्या बहुतेक नव्या घरांसमोर मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा दाबून वर चार बोटे लाल माती पसरलेली असते. अशा जागी गुळगुळीत भिंतींचा खड्डा खणून त्यात नुसते खत आणि पोयटा भरला, तर तो खड्डाच एक मोठी कुंडी होतो आणि मुळे पुन्हा आतल्या आत फिरू लागतात. म्हणून खड्डा खोलीपेक्षा रुंदीला जास्त घ्यावा, पहारीने त्याच्या भिंती खडबडीत कराव्यात, राडारोडा वेचून काढावा आणि मूळची माती निम्म्याहून अधिक परत घालावी. रोप लावण्याआधी खड्डा पाण्याने भरून पाहावा; दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच उभे असेल तर आधी निचऱ्याची सोय करावी.

कदंबाचे म्हणाल तर १२ बाय ८ फुटांत तो लावू नये, एवढेच सांगेन. तो ओल असलेल्या जागेचा, झपाट्याने वाढून प्रचंड होणारा वृक्ष आहे. आपल्याकडच्या कोरड्या रानात दिसतो तो कळंब निराळा, पण तोही या जागेला मोठाच. वड, पिंपळ, उंबर यांचे पर्यावरणातले मोल कितीही मोठे असले तरी घराच्या पायाजवळ ते नकोत. तुमच्या जागेत एकच झाड नीट मावेल, दोन नाहीत. बहावा चालेल, आपटाही उत्तम, मात्र दसऱ्याला आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाच्या फांद्या विकल्या जातात, तशीच गल्लत रोपांतही होते, तेव्हा पान नीट पाहून घ्यावे. टेकड्यांवरची मेडशिंगी मिळाली तर तिच्याइतके इथल्या उन्हापाण्याला सरावलेले झाड शोधूनही सापडणार नाही. नर्सरीत ‘देशी’ हा शब्द फार सैल वापरला जातो. मादागास्करचा गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेचा नीलमोहर मला देशी म्हणून दाखवलेले आहेत.

पावसाळ्यात बहाव्याच्या पानांवर हिरव्या अळ्या येतील आणि कोवळी पाने फस्त होतील. फवारणी करू नका. त्या फिकट पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या असतात, झाडाला पुन्हा पालवी फुटते, आणि देशी झाड लावल्याचा उपयोग म्हणतात तो हाच.

आमच्याकडे आता जो बहावा आहे तो पडलेल्या झाडाच्याच शेंगेतल्या बियांपासून, त्याच जागी थेट पेरून वाढवलेला आहे. जागेवर पेरल्याने सोटमूळ सरळ खाली गेले आणि या झाडाला आजवर काठीची गरज भासलेली नाही. तुम्हालाही हे जमेल, कारण गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा उन्हाळ्यात झाडांवर लोंबत असतात आणि खालीही पडतात. बियांचे कवच फार कठीण असते. एका कडेला काचपेपरवर घासून रात्रभर पाण्यात ठेवावे, नाहीतर बी महिनोन्महिने तसेच पडून राहते. पाऊस स्थिरावला की तीनचार बिया पेराव्यात आणि पुढच्या वर्षी सर्वांत जोमदार रोप ठेवावे. शेंगा फोडण्याचे काम मात्र घरात करू नका, कारण आतल्या काळ्या चिकट गराचा वास हाताला दोन दिवस राहतो, आणि घरात लहान मुले असतील तर तो गर त्यांच्या तोंडी जाणार नाही याची काळजी घ्या, कारण तो चांगलाच रेचक असतो.