आठाच्या पोटातला सात
नाणेसंग्रह : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळेपासून लक्ष्मीपूजनाला मांडले जाणारे राणी छापाचे सहा रुपये आहेत. त्यांपैकी एकावर १८७८ हे साल असून शेवटच्या इंग्रजी आठाच्या आत सातासारखी तिरपी रेघ दिसते. नाणे आरशासारखे चकाकते. ओळखीच्या एका गृहस्थांनी हे 'प्रूफ ओव्हरडेट' असल्याचे सांगून किंमत लाखाच्या घरात नेली. भिंगातून काढलेली दोन छायाचित्रे पाठवीत आहे. त्यांचे म्हणणे खरे मानावे काय?
– एक शेतकरी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : आपण छायाचित्रे तिरप्या उजेडात काढली, हे फार चांगले केले, कारण या प्रश्नाचा निकाल सावलीवरच लागतो. जुन्या सालाच्या ठशावर नवे साल उमटवले गेले आणि खालचा अंक पूर्णपणे बुजला नाही, तर त्या ठशाने पाडलेल्या नाण्याला ओव्हरडेट म्हणतात. ठशात अंक खोल असतो, म्हणून नाण्यावर तो उठून येतो. साहजिकच खालच्या अंकाचा जो अवशेष उरतो, तोही नाण्यावर उठावदारच असला पाहिजे. आपल्या छायाचित्रात आठाची सावली उजवीकडे पडली आहे आणि आतल्या रेघेची डावीकडे. म्हणजे रेघ खोल आहे. ती ठशातून आलेली नसून नाणे वापरात आल्यानंतर कशाने तरी पडलेला तो ओरखडा आहे.

चकाकीबद्दलही निराश करावे लागत आहे. प्रूफ म्हणजे उत्तम स्थितीत राहिलेले नाणे, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक ते नाणे घडविण्याच्या एका पद्धतीचे नाव आहे. त्यासाठी ठसा आणि कोरी चकती या दोन्हींना आधी झिलई दिली जाते आणि सावकाश, जास्त दाबाने, बहुधा एकाहून अधिक ठोके देऊन नाणे पाडले जाते, त्यामुळे त्याची कड काटकोनी आणि अक्षरांच्या धारा तीक्ष्ण येतात. आपल्या रुपयाची कड गोल झालेली आहे, राणीच्या केसांचे पेड सपाट झाले आहेत आणि तरीही झिजलेला भागसुद्धा सारखाच चमकतो आहे. घरातल्या कुणीतरी एखाद्या दिवाळीत हे रुपये सोनाराकडून उजळून घेतले असावेत. चिंच, राख, रिठा किंवा दंतमंजन यांपैकी काहीही यापुढे नाण्यांना लावू नये. पूजेतले हळदकुंकू कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपून घेतले की पुरे.

नाणे मात्र अस्सल दिसते. या रुपयाचे ठरलेले वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी असते. तालुक्याच्या सोनाराच्या काट्यावर झिजेपुरता थोडा कमी भरला तरी काळजीचे कारण नाही. जाता जाता एक गोष्ट सांगतो. आपले रुपये घरचेच आहेत म्हणून बरे. हेच शेतात वखराच्या पासेला लागून वर आले असते, तर कलेक्टरला लेखी कळवणे आपल्याला बंधनकारक झाले असते. तो गुप्तधनाचा कायदाही, योगायोगाने, १८७८ सालचाच आहे.

प्रश्न : टाकसाळीसारख्या ठिकाणी सालावर साल उमटतेच कसे? शिवाय प्रूफसाठी इतकी काळजी घेतली जाते, तर त्यात ही चूक कशी राहते?
– एक शिक्षिका, मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : जुन्या काळी ही बहुतेक वेळा चूक नसून काटकसर असे. ठसा पोलादाचा, हाताने सिद्ध केलेला आणि महाग. वर्ष संपले तेव्हा तो धड असेल, तर शेवटच्या अंकावर नवा अंक ठोकून तोच पुढे चालवला जाई. अमेरिकेचे १८२७ सालचे पाव डॉलरचे नाणे हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १८२३ च्या ठशातील तिनावर सात ठोकून ते पाडले गेले, आणि त्याचे जे मोजके मूळ नमुने आज माहीत आहेत, ते प्रूफच मानले जातात. प्रूफ थोडीच पाडायची असत, तेव्हा शिल्लक ठसा घासूनपुसून वापरणे टाकसाळीला गैर वाटत नसावे. संग्राहकाची अडचण त्या घासण्यातच आहे. झिलई देताना मोकळ्या पृष्ठभागावरच्या जुन्या अंकाच्या खुणा पुसल्या जातात आणि जे काही उरते ते बहुधा नव्या अंकाच्या आत किंवा त्याला अगदी लागून. म्हणून प्रूफ ओव्हरडेट शोधताना आठ, नऊ, सहा यांची पोटे दहापट भिंगातून पाहण्याची रीत आहे.

पुढे ज्याच्या दाबाने ठसे तयार होतात त्या मूळ साच्यातच साल कोरले जाऊ लागल्यावर हा प्रकार संपायला हवा होता, पण तो वेगळ्या वाटेने परत आला. पोलाद दाबाखाली कठीण होते, म्हणून ठसा एका दाबात पूर्ण उमटत नसे. तो तापवून मऊ करून मूळ साच्याखाली पुन्हा दाबावा लागे. वर्षअखेरीला चालू आणि येत्या अशा दोन्ही सालांचे ठसे शेजारी शेजारी तयार होत असताना पहिला दाब १९४१ च्या साच्याचा आणि दुसरा १९४२ च्या साच्याचा बसला, आणि अमेरिकेच्या दहा सेंटच्या नाण्यावर एकाला चिकटलेला दोन उमटला. फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर या दोन्ही टाकसाळींत हे घडले. याला मी खरी चूक म्हणेन.

आपल्याकडच्या राणी छापाबाबत एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. १८६२ साल असलेला रुपया १८७४ पर्यंत तेच साल ठेवून पाडला जात होता. दरवर्षी साल बदलण्याची पद्धत त्यानंतर आली. त्यामुळे १८६२ च्या रुपयावर कुणी ओव्हरडेट दाखवू लागला, तर पुढचे साल ठोकण्याची गरज टाकसाळीला पडली कशासाठी, एवढेच त्याला विचारावे. त्या रुपयाच्या मागील बाजूला सालाजवळ दिसणारे बारीक ठिपके हा स्वतंत्र आणि अतिशय रंजक विषय आहे. खरे सांगायचे, तर विदर्भातल्या जुन्या घरांतून ओव्हरडेट शोधण्यापेक्षा ते ठिपके मोजण्यात संग्राहकाच्या हाती जास्त लागेल.

प्रश्न : एका विक्रेत्याने राणीच्या काळातील प्रूफ रुपया दाखवला. तो अगदी नवा वाटतो. घ्यावा का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : तो मूळचा की नंतर पाडलेला, हे आधी विचारावे. कलकत्ता आणि मुंबई या टाकसाळींनी संग्राहकांसाठी जुन्या ठशांवरून पुढील काळातही प्रूफ नाणी पाडून दिली; त्यांना रीस्ट्राइक म्हणतात. ती बनावट नव्हेत, पण मूळ प्रूफच्या भावाने घेण्यासारखीही नव्हेत. अमेरिकेच्या त्या १८२७ च्या नाण्याचेही असेच झाले. पुढे त्याचे रीस्ट्राइक निघाले, आणि ते ओळखता येतात ते मागच्या बाजूवरून, कारण तिथे दुसराच ठसा वापरला गेला : किमतीच्या पंचवीसमधल्या दोनाचा पाया मूळ नाण्यात वळणदार आहे, तर रीस्ट्राइकमध्ये सपाट. आपणही सालापुरते न पाहता दोन्ही बाजू मूळ नाण्याच्या छायाचित्राशी ताडून पाहाव्यात आणि जुना ठसा पडून राहून गंजल्याने उमटणारे बारीक उठावदार कण सपाट भागावर दिसतात का ते तपासावे. विक्रेता पावतीवर 'रीस्ट्राइक' किंवा 'मूळ' यांपैकी एक शब्द लिहून देण्यास तयार नसेल, तर नाणे त्याच्याकडेच राहू द्यावे.