वाचकांचे प्रश्न : अडखळणारा बिल वॉल्टन समालोचक कसा झाला?

प्रश्न : बिल वॉल्टन बोलताना अडखळायचा, तरी पुढे टीव्हीवर बास्केटबॉलचे समालोचन करू लागला, हे खरे का? माझा मुलगा शाळेच्या संघात आहे, त्यालाही हाच त्रास आहे. — एक वाचक, नागपूर

उत्तर : खरे आहे. १९७७ मध्ये पोर्टलंडला एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, जिंकून देणारा हा ६ फूट ११ इंचांचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) वयाच्या २८ व्या वर्षापर्यंत बोलताना वाईट अडखळायचा. तेव्हा एका कार्यक्रमात त्याची गाठ मार्टी ग्लिकमन या जुन्या समालोचकाशी पडली. (१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रिले संघातून ऐन वेळी वगळलेल्या दोन ज्यू धावपटूंपैकी एक तो हाच. रिंगला न लागता जाळीत गेलेल्या चेंडूसाठी 'स्विश' हा शब्द रेडिओवर त्यानेच रुळवला.) ग्लिकमनने सांगितले ते साधेच होते : सावकाश बोल, विचार पळायला लागले तर आणखी सावकाश. रोज मोठ्याने वाच. जे आवाज अडतात ते हुडकून त्यांचाच सराव कर. जबड्याला व्यायाम म्हणून बिनसाखरेचे च्युइंगगम चघळ. वॉल्टनने हे ड्रिबलिंगसारखे घोटले.

च्युइंगगमने अडखळणे जाते, असे मात्र धरून चालू नका. मुलाला स्पीच थेरपिस्टला दाखवा. घरी त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. नेमकी हीच चूक प्रेमापोटी होते.

प्रश्न : वॉल्टन इतका मोठा खेळाडू, मग त्याचे सामने इतके कमी का? — सांगली

उत्तर : डावा पाय. १९७८ च्या प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो खेळला आणि नंतर घोट्याखालचे नॅव्हिक्युलर हाड मोडलेले निघाले. या हाडाच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा जेमतेम असतो. भरायला वेळ लागतो आणि घाई केली की तिथेच पुन्हा भेग पडते. १९७४ ते १९८७ या १३ हंगामांत, हंगामाला ८२ प्रमाणे, १०६६ साखळी सामने होतात. त्याचे भरले ४६८. सर्वाधिक ८० सामने तो १९८५-८६ मध्ये खेळला, तेही बोस्टन सेल्टिक्ससाठी राखीव म्हणून, सामन्याला सुमारे १९ मिनिटे. त्या वर्षी संघ एनबीए जिंकला आणि सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. माइक त्याने १९९० च्या सुमारास हाती घेतला.

प्रश्न : कॉलेजकडून खेळायचो, आता गावच्या स्पर्धेत समालोचन करतो. खेळ कळतो, पण बोलणे मागे पडते. — बार्शी

उत्तर : माजी खेळाडूंचे हमखास दुखणे. टीव्हीवर हे काम दोघांत वाटलेले असते : एक जण चेंडू कुठे आहे ते सांगतो, दुसरा, बहुधा माजी खेळाडू, असे का घडले ते सांगतो. या दुसऱ्याची जागा ठरलेली. बास्केट झाली की, चेंडू पुन्हा मैदानात येऊन मधली रेषा ओलांडेपर्यंत बोलायचे. नियमाने त्याला जास्तीत जास्त ८ सेकंद, प्रत्यक्षात त्याहून कमीच. फाउलनंतरच्या मोकळ्या फेकीच्या, म्हणजे फ्री थ्रोच्या, वेळी थोडी जास्त मोकळीक. तुम्ही तीन वाक्यांची गोष्ट काढता, तोवर पलीकडे शॉट पडतो आणि लोकांना तो तुमच्या तोंडून कळतच नाही.

म्हणून एका वेळी एकच कारण. 'काय शॉट!' हे सगळ्यांना दिसते. 'बचावपटू स्क्रीनच्या (वाट अडवून उभ्या राहिलेल्या शूटरच्या जोडीदाराच्या) मागून गेला, म्हणून शूटर मोकळा सुटला' हे तुम्हीच सांगू शकता. आवाज बंद करून सामना लावा, १० मिनिटे बोलून फोनवर रेकॉर्ड करा, मग दृश्यासह ऐका. मधली रेषा ओलांडल्यावरही चालू राहिलेले प्रत्येक वाक्य मोजा. एकटेच असाल तर आधी चेंडू, कारण नंतर.

वॉल्टनचे उदाहरण इथे घेऊ नका. सामना सोडून तो खुशाल सायकल आणि 'ग्रेटफुल डेड' या रॉक बँडच्या गाण्यांवर जायचा. डेव्ह पॅशसारखा मुरलेला जोडीदार समालोचक त्याला सामन्यावर आणायचा, म्हणून ते खपले.

प्रश्न : १९७३ च्या अमेरिकी कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वॉल्टनने २२ पैकी २१ शॉट घातले होते का? — पणजी

उत्तर : हो, यूसीएलए या विद्यापीठाकडून, मेम्फिस स्टेटविरुद्ध. २१ बास्केटचे ४२ आणि फ्री थ्रोचे २, एकूण ४४ गुण. तेव्हा कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकला (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्याला) बंदी होती, म्हणजे यात एकही डंक नाही. फ्री थ्रो मात्र ५ पैकी ३ हुकले.