दूरदर्शनची एकच वाहिनी होती तेव्हा लोक दिवसभर काय बघायचे? त्यात मराठी किती असायचं?

प्रश्नात तुम्ही 'दिवसभर' म्हटलंय, तेवढं आधी काढून टाका. दुपारी तासभर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) इंग्रजी शैक्षणिक कार्यक्रम लागायचे, आमच्याकडे ते कोणी बघत नसे. खरा टीव्ही संध्याकाळचा आणि रविवार सकाळचा. मराठी किती, हे मात्र तुमचं घर कुठे आहे त्यावर होतं. जुन्या आठवणी लिहिणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे, त्यामुळे ही बाजू राहूनच जाते.

दिल्लीत टीव्ही 1959 साली आला, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला. मुंबई केंद्राने सुरुवातीची दहा वर्षं मराठी माणसाची चैन केली. 'गजरा', 'आमची माती आमची माणसं', 'प्रतिभा आणि प्रतिमा', दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यालाही हे सगळं मिळायचं.

मग 15 ऑगस्ट 1982 पासून 'राष्ट्रीय कार्यक्रम' आला, त्याच सुमारास रंगही आला. रंगीत टीव्हीसाठी हट्ट धरणारे मंत्री वसंत साठे विदर्भातून निवडून गेलेले, आणि मराठी संध्याकाळ आखडली ती याच काळात. (रंग त्यांनी आणला म्हणून ती आखडली असं नाही, पण मला गंमत वाटते.) साडेआठ-पावणेनऊ वाजले की मुंबई बाजूला आणि दिल्ली सुरू.

तरी मुंबई-पुण्याला निदान त्याआधीची संध्याकाळ होती. आमचं गाव मराठवाड्यात. 1984 साली देशभर धडाधड सहक्षेपण केंद्रं उभी राहिली, काही महिने तर सरासरी दिवसाला एक. तशातलंच शंभर वॅटचं एक आमच्या जिल्ह्याच्या गावी बसलं. ते उपग्रहावरून दिल्लीचं घ्यायचं आणि तसंच पुढे सोडायचं. मुंबईचे कार्यक्रम आमच्यापर्यंत पोचायची सोयच नव्हती. म्हणजे महाराष्ट्रात राहून आम्ही टीव्ही बघायचो तो हिंदीत, बातम्या हिंदी-इंग्रजीत, आणि 'कृषिदर्शन'मध्ये गव्हाची माहिती, तीही आमच्यासारख्या ज्वारीवाल्यांना. मराठी म्हणजे रविवारी दुपारच्या प्रादेशिक चित्रपटात कधी आपला नंबर लागला तर. एरवी बंगाली, मल्याळी, ओडिया. मी तेव्हा चौथीत होतो. अडूर गोपालकृष्णन हे मल्याळी दिग्दर्शकाचं नाव मला तेव्हापासून पाठ आहे. सिनेमा एकही कळला नव्हता.

लाकडी शटरचा टीव्ही, किल्ली आजोबांच्या जानव्याला. काका गच्चीवर अँटेना फिरवायचा, मी जिन्यात उभा राहून आतला निरोप वर पोचवायचो, "मुंग्या आल्या! थांब, थांब... गेलं!" उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला आत्याकडे गेलो की मी सोफ्यावरून उठत नसे. पडद्यावर बाई चक्क मराठीत बोलते! 'साप्ताहिकी'त पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगायचे, ते मी वहीत उतरवून घ्यायचो आणि गावी जाऊन पोरांना वाचून दाखवायचो. बघायला काहीच मिळणार नव्हतं, तरी सगळे ऐकायचे.

रामायण-महाभारताच्या वेळी रस्ते कसे ओस पडायचे ते शंभर जणांनी लिहिलंय, मी सोडून देतो. आमच्या घराला लळा लागला तो 'हम लोग'चा, जुलै 1984 ते डिसेंबर 1985. आजीला हिंदी यथातथाच. बडकी, मंझली, बसेसरराम तिला चेहऱ्यावरून कळायचे. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे तेव्हा मात्र ती अडायची. "काय म्हणाला रे म्हातारा?" मी सांगायचो, निम्मं माझ्या पदरचं.

पुढे-पुढे ते निरोप घेताना 'हम लोग' हे शब्द वेगवेगळ्या भारतीय भाषांत म्हणायला लागले. आजीला ते कळल्यापासून ती शेवटच्या मिनिटाला पोळ्या टाकून बाहेर यायची. पीठ लागलेले हात तसेच वर धरून उंबऱ्यात उभी. "आज आपली पाळी बघ," म्हणायची. तमिळ निघालं की "बरं, उद्या" म्हणून परत चुलीकडे. उद्या भाग नसला तरी.

मुंबईचं मराठी आमच्या गावात यायला त्यानंतर काही वर्षं लागली. 1994 साली उपग्रहावरून स्वतंत्र मराठी वाहिनी सुरू झाली, जिला आता सह्याद्री म्हणतात. तोवर गल्लीत केबलवाला आला होता.