रिपोर्ट नॉर्मल, तरी डॉक्टर इन्फेक्शनचं का बोलतात? कमी दिवसांच्या बाळाच्या पांढऱ्या पेशींविषयी

ताई, तुमच्या भाचीचं बाळ 30 आठवड्यांतच जन्मलेलं, काचेच्या पेटीत आहे. रिपोर्टात पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्यात, तरी डॉक्टर रोज इन्फेक्शनचंच का बोलतात, आणि प्रतिकारशक्ती वाढवायचं इंजेक्शन का देत नाहीत, असं तुम्ही विचारलंत. मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, 24 वर्षं परिचारिका होते. तिथे जे पाहिलं आणि पुढे वाचत गेले, त्यावरून लिहिते. बाळाचे निर्णय मात्र तिथल्या डॉक्टरांचेच.

रिपोर्टातला आकडा म्हणजे हजेरीपट. किती जण आलेत ते कळतं, काम कसं करतात ते कळत नाही.

जंतू शिरला की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींनी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटायचं, तिथून बाहेर सरकायचं, जंतूपर्यंत पोचायचं आणि त्याला गिळायचं. पूर्ण दिवसांच्या बाळातही हे चिकटणं-सरकणं मोठ्या माणसापेक्षा मंद असतं. तुमच्या बाळासारख्यांत आणखी मंद. त्यात अस्थिमज्जेतला राखीव साठा तुटपुंजा. मोठा संसर्ग झाला की तो भराभर संपतो आणि आकडा वाढायच्या ऐवजी घसरतो. आम्ही वाढलेल्या आकड्यापेक्षा घसरलेल्या आकड्याला जास्त घाबरायचो. सीआरपी, म्हणजे संसर्गात रक्तात वाढणारं प्रथिन, तेही संसर्ग सुरू झाल्यावर काही तासांनीच चढतं, म्हणून ते पुन्हापुन्हा तपासतात. 'एवढंसं रक्त, किती काढता' असं नातेवाईक म्हणायचे, आणि त्यांचा जीव तुटतो हे मला दिसायचं, पण त्यामागे हे कारण आहे.

गिळण्याचीही एक अडचण आहे. जंतूवर खूण असली तरच पेशी त्याला चटकन धरते. ही खूण अँटिबॉडी आणि रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं करतात. आईच्या आयजीजी अँटिबॉडी नाळेतून बाळाला मिळतात, पण ही शिदोरी मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरते. पूर्ण दिवसांच्या बाळाकडे ती आईइतकी, कधी आईपेक्षाही जास्त असते. 30 आठवड्यांचं बाळ अर्धवट शिदोरी घेऊन निघालेलं असतं.

तरी भाचीला 'बाळ दुबळं आहे' असं कुणी म्हणू देऊ नका. पोटात असताना बाळाच्या पेशींनी आईच्या पेशींवर तुटून पडायचं नसतं, म्हणून त्या हात राखून वागायला तयार झालेल्या असतात. आवर घालणाऱ्या टी पेशी भरपूर, आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-12 अशी धोक्याची हाक देणारी रसायनं बेताने सुटतात. पोटात हेच योग्य होतं. बाळ दहा आठवडे आधी बाहेर आलं, एवढाच काय तो फरक.

आता इंजेक्शन. पेशी वाढवणारं जीएम-सीएसएफ अशा बाळांना देऊन पाहिलं होतं. 2009 साली निष्कर्ष आले: न्यूट्रोफिलचा आकडा वाढला, पण संसर्ग टळले नाहीत, जगण्याचं प्रमाणही सुधारलं नाही. मग संसर्ग झालेल्या किंवा तशी शंका असलेल्या सुमारे 3,500 बाळांवर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, देऊन पाहिलं. 2011 साली त्याचाही फायदा दिसला नाही. डॉक्टर हात आखडता घेत नाहीयेत, ताई.

जे खरंच उपयोगी पडतं ते भाचीकडे आहे. पहिला चीक थेंबभरच निघतो, पिवळा, घट्ट. आम्ही तो सिरिंजमध्ये ओढून, बाळ पीत नसलं तरी, गालांच्या आतून एक-दोन थेंब लावायचो. त्यात स्रावी आयजीए, लॅक्टोफेरिन, लायसोझाइम अशी जंतूंशी लढणारी प्रथिनं आणि आईच्या जिवंत पांढऱ्या पेशीही असतात. कमी दिवसांच्या बाळाची आतडी सडण्याचा जो एनईसी नावाचा आजार होतो, तो आईच्या दुधावरच्या बाळांत कमी दिसतो. एक आई विरारहून लोकलने यायची, बर्फाच्या थर्मासमध्ये दुधाच्या छोट्या बाटल्या घेऊन, प्रत्येकीवर तारीख-वेळ लिहिलेली. पावसात गाड्या रखडल्या तरी थर्मास मांडीवरून खाली ठेवायची नाही. भाचीचं दूध कमी येत असेल तर दुग्धपेढीची चौकशी करा. आपल्या सायन रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली. पाश्चरीकरणात त्या जिवंत पेशी मरतात, म्हणून आईचं स्वतःचं दूध पहिलं, पण पावडरीपेक्षा पेढीचं दूध केव्हाही बरं.

दुसरं, कांगारू पद्धत. डॉक्टरांनी परवानगी दिली की भाचीने बाळाला छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचं, रोज जितके तास जमेल तितके. काचेत हात घालायच्या आधी कोपरापर्यंत धुवायचे, बांगड्या-अंगठ्या-घड्याळ घरी. बाळाची कातडी इतकी पातळ असते की चिकटपट्टी ओढली तरी सोलवटते, आणि जंतूला तेवढं दार पुरतं.

घरी आल्यावर घुटी उगाळणं, मध चाटवणं, धुरी देणं नको. सासूबाईंना वाईट वाटेल, तुम्ही मोठ्या आहात, तुम्हीच त्यांना सांगा. बारसं पुढे ढकला. अशा बाळाला ताप येईलच असं नाही. अंग गार पडणं, दूध न ओढणं, रंग बदलणं, श्वास थांबून थांबून घेणं, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा. लसींचं वय जन्मतारखेपासूनच मोजतात, अपेक्षित तारखेपासून नाही. बीसीजी कधी द्यायची ते डॉक्टर बाळाचं वजन आणि तब्येत पाहून सांगतील, तेवढं डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.