भानामतीच्या घरी पहिल्यांदा जाताना

बाळा, घरात आपोआप आवाज येतात, कपडे पेटतात, त्याला लोक भानामती म्हणतात. अशा घरी तपासाला गेलास की आधी त्यांचा चहा घे. हसू नकोस, ती माणसं खरंच घाबरलेली असतात. मग वही काढ: आवाज कधी आला, कुठून, घरात कोण होतं.

लातूरकडच्या एका वाड्यात माळवदावर रात्री पावलं वाजायची. माझी खात्री, हे सुनेचंच काम. (आपणही आधी बाईवरच संशय घेतो.) वहीत बघतो तर ती माहेरी असतानाही पावलं वाजलेली! शेवटी बॅटरीच्या उजेडात उदमांजर दिसलं. त्या पोरीची मी हात जोडून माफी मागितली.

कपडे पेटत असतील तर मात्र पांढरा फॉस्फरस शोध. तो हवेत साधारण ३० अंशांनाच पेट घेतो. आणि मांत्रिक कुणाला मारहाण करत असेल तर वही मिटव, थेट पोलीस ठाणं गाठ. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.