पाच दिवसांत मुलांना महाराष्ट्र दाखवायचा तर कुठे न्यावं?

तुम्ही लिहिलंय की जन्म पुण्याचा, नोकरी इंदूरला, मुलं दहा आणि तेरा वर्षांची. महाराष्ट्र म्हणजे आजीचं घर आणि मॉल एवढाच त्यांनी पाहिलाय. दिवाळीनंतर पाच दिवस हातात आहेत, गाडी घरची, निघायचं पुण्याहून. काय दाखवावं?

पाच दिवसांत अख्खा महाराष्ट्र दाखवायला निघालात तर मुलांना टोलनाके तेवढे पाठ होतील. अजिंठा-वेरूळ, रायगड, ताडोबा, लोणार हे सगळं पाहायलाच हवं, पण त्या एकेकाला स्वतंत्र सुटी द्यावी लागते. यावेळी एक नदी धरा आणि तिच्या काठाने खाली उतरत जा. मी कृष्णा सुचवीन. त्यात माझा पक्षपात आहे हे आधीच कबूल करते, कारण माझं माहेर वाई आणि सासर सांगली. पाठवणीच्या वेळी आई म्हणाली होती, "रडतेस कशाला, आपल्या घाटावरचंच पाणी दोन-तीन दिवसांनी तुझ्या दारात येणार आहे." २०१९च्या ऑगस्टमध्ये ते खरोखरच दारात आलं, पण ती गोष्ट वेगळी.

सुरुवात महाबळेश्वरला करा, पण बाजारपेठेत आणि पॉइंटांच्या रांगेत दिवस घालवू नका. सरळ क्षेत्र महाबळेश्वरला जा. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात, सगळ्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं. मुलांना एवढंच सांगा की यातली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटपाशी अरबी समुद्राला मिळते, आणि कृष्णा तोंड फिरवून पूर्वेकडे सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. तेरा वर्षांच्या मुलाला नकाशा उघडायला हे पुरे. तिथून थोडं चाललं की कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे. शेवाळलेलं, शांत, समोर दरी. बहुतेक गाड्या तिथवर जातच नाहीत.

मग पसरणीचा घाट उतरून वाईत मुक्काम. वाईबद्दल मी तासभर बोलू शकते, म्हणून आवरतं घेते. ढोल्या गणपतीच्या देवळात सगळे मूर्तीचं दर्शन घेऊन परत फिरतात. तुम्ही देवळाला बाहेरून वळसा घालून मागची भिंत बघा. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं तेव्हा मागची बाजू माशाच्या आकाराची काढली, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आपटून दुभंगावं आणि दोन्ही बाजूंनी निघून जावं. लहानपणी आम्ही त्या भिंतीला पाठ लावून बसायचो. ती अशी का आहे, हे मला लग्नानंतर कळलं, तेही सांगलीच्या एका पाहुण्याने विचारलं म्हणून! वाईत सात घाट आहेत, आणि हिवाळा संपताना प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव पाळीपाळीने होतो. तुम्ही दिवाळीनंतर येताय म्हणजे तो चुकणार. हरकत नाही, पहाटे घाटावर नुसतं बसलात तरी चालेल.

मेणवली वाईपासून अगदी जवळ. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट तुम्ही सिनेमात नक्की पाहिला असणार, इतकी चित्रीकरणं तिथे होतात. पण मुलांना आधी मेणेश्वराच्या देवळाजवळची घंटा दाखवा. भलीमोठी आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. चिमाजीअप्पांनी १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतून चर्चच्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक. चर्चची घंटा महादेवाच्या दारात टांगलेली बघून माझ्या भाचीने विचारलं होतं, "मग ती कुणासाठी वाजते?" मला उत्तर सुचलं नाही. बघा तुम्हाला सुचतं का.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याकडे जाताना लिंब फाट्याला वळायला विसरू नका. शेरी लिंबची बारा मोटांची विहीर. मुलांना मोट म्हणजे काय ते गाडीतच सांगून ठेवा: चामड्याची मोठी पिशवी, बैल उतारावरून खाली चालत गेले की दोराने ती भरून वर यायची. अशा बारा मोटा एकाच वेळी चालाव्यात अशी ही विहीर विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली, भोवतीच्या आमराईला पाणी द्यायला. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा. जिन्याने उतरलं की विहिरीच्या पोटात चक्क एक छोटा महाल आहे, कमानींचा, आणि भिंतीवर दगडात कोरलेले वाघ आणि हत्ती. वर उकाडा असला तरी आत गारवा असतो. पावसाळ्यात मात्र नको. सासूबाईंना हौसेने जुलैत घेऊन गेले, आणि शेवाळावरून घसरून तिसऱ्या पायरीवर मीच बसले. त्या वरच उभ्या राहून पोट धरून हसत होत्या.

संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. नदीकाठी छत्रपती घराण्यातल्या समाध्या आहेत, आणि त्यांच्याजवळच शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीही. वाघापासून त्याने महाराजांना सावध केलं अशी आख्यायिका आहे. राज्यकर्त्यांच्या रांगेत कुत्र्याला जागा मिळालेली पाहून मुलं तिथून लवकर हलत नाहीत. माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचंही गाव. साताऱ्यात कंदी पेढे घ्या, आणि पुढे निघा. कासला जाऊ नका, फुलं दिवाळीपर्यंत संपलेली असतात.

आता मी नदी सोडायला सांगणार आहे, फक्त अर्ध्या दिवसासाठी. साताऱ्याहून पूर्वेला औंध. दुष्काळी माणदेशाच्या उंबऱ्यावरचं एवढंसं संस्थान, पण त्याचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि सूर्यनमस्काराचा त्यांनी गावोगावी प्रसार केला. यमाईच्या डोंगराच्या पायथ्यापासून वर जाताना त्यांनी उभारलेलं श्री भवानी संग्रहालय लागतं. १९३८चं. आत राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, आणि हेन्री मूरचं आई आणि मुलाचं एक छोटं शिल्पही आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत ज्याच्यासमोर माणसं उभी राहतात तो शिल्पकार, आणि तुम्ही तो बघताय ज्वारीच्या शिवारातून जाऊन. याच राजाने १९३९मध्ये, गांधीजींचा सल्ला घेऊन, आपला कारभार प्रजेच्या हाती दिला. तुरुंगाला भिंती नसलेली स्वतंत्रपूरची कैद्यांची वसाहतही याच संस्थानातली. बारक्या संस्थानांच्या राजांबद्दल आपण शिकारी आणि मोटारीच ऐकलेल्या असतात, म्हणून औंध मला फार आवडतं. संग्रहालयाची सुटी कोणत्या वारी असते ते निघण्याआधी विचारून घ्या. मी एकदा न विचारता गेले आणि कुलूप बघून आले.

संध्याकाळपर्यंत कऱ्हाड गाठा. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना एकमेकींना समोरासमोर भेटतात, मग दोघी मिळून काटकोनात वळतात. नद्या सहसा अशा भेटत नाहीत, एक दुसरीच्या कुशीत तिरकी शिरते. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. गावातली नकट्या रावळ्याची विहीर उजेड असेल तर बघा, नाहीतर राहू द्या. विहीर तुमची लिंबला बघून झालीय.

कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. तुम्ही येताय तेव्हा हंगाम असेल, पुढे ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या असतील, तेव्हा वेळेचा हिशेब सैल ठेवा. भिलवडीजवळ औदुंबरला दत्ताचं स्थान आहे, डोह आहे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी थांबावं, नाही त्यांनीही थांबावं, सावलीसाठी.

सांगलीत गणपती मंदिर आणि आयर्विन पूल. पूल १९२९चा. ऑगस्टमध्ये सांगलीकर एकमेकांना "कसे आहात" विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात. पाण्याची पातळी फुटांत सांगायची, चाळीस म्हटलं की खालच्या गल्ल्यांतली मंडळी सामान वर चढवतात. २०१९ला ती ५७ फुटांवर गेली होती. मुलांना पुलावर उभं करून खालचं शांत पाणी दाखवा आणि मग तो आकडा सांगा. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. तिथे जमिनीत खोल खड्डे खणून हळद साठवायचे, त्यांना पेवं म्हणतात. मातीच अशी की आत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या पुराने बहुतेक पेवं गेली. आता हळद पाहायची तर सांगलीच्या बाजारात, पण हरिपूरच्या रस्त्यावरची चिंचेची झाडं अजून आहेत.

चौथ्या दिवसाची दुपार मिरजेला द्या. सतारमेकर गल्लीत. ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांची. तलवारींचा काळ सरला आणि त्याच हातांनी तंबोरे घडवायला घेतले. पंढरपूरकडच्या शेतांतून येणारे मोठाले कडू भोपळे दुकानांच्या छतांना टांगलेले दिसतील. भोपळा वाळवायचा, कापायचा, त्याला लाकडाचा दांडा जोडायचा, वर नक्षी, आणि शेवटी घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कणाकणाने घासून जवारी काढायची, म्हणजे तारेला ती घुमणारी आस येते. जवारी काढणाऱ्या कारागिराजवळ पाच मिनिटं गप्प बसायला मुलांना सांगा. तो घासतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा घासतो. माझ्या मुलाने नंतर तंबोरा शिकायचा हट्ट धरला होता, आठ दिवस टिकला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवळच मीरासाहेबांचा दर्गा आहे, त्याच आवारात गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांना १९३७मध्ये दफन केलं.

शेवटच्या दिवशी सकाळी नरसोबाची वाडी, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. देऊळ घाटावर इतकं खाली आहे की दर पावसाळ्यात नदी आत शिरते. पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक धावत येतात. वाईत पूर फोडायला माशाची पाठ केली, सांगलीत फूट मोजतात, आणि वाडीत त्याच पुरासाठी दार उघडं ठेवलंय. बासुंदी आणि कवठाची बर्फी इथली. जेवणात भरलं वांगं आलं तर नाही म्हणू नका.

आणि मग खिद्रापूर. हे सगळं जमलं नाही आणि एकच ठिकाण निवडायचं असेल तर हे निवडा. वाडीहून अर्ध्या-पाऊण तासावर, राज्याच्या अगदी कडेला, ऊस आणि म्हशींच्या मधोमध शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वराचं देऊळ. पुढचा स्वर्गमंडप गोल आहे, अठ्ठेचाळीस खांबांचा, आणि मधोमध छतच नाही! तेरा फूट व्यासाचं गोल आकाश सोडलंय, आणि बरोबर त्याच्याखाली जमिनीवर तेवढीच एक अखंड गोल शिळा. ऊन त्या झरोक्यातून खाली उतरतं आणि दिवसभर फरशीवर, खांबांवर सरकत राहतं. गाभाऱ्यात दोन लिंगं, एक शिवाचं आणि एक विष्णूचं मानतात. नंदी मात्र नाही. सती दक्षाकडे गेली तेव्हा नंदीवर बसून गेली, म्हणून तो इथे नाही, आणि ती परतलीच नाही म्हणून देव कोपलेला, अशी गोष्ट गावातलं कुणीही सांगेल. बाहेर भिंतीच्या तळाशी रांगेने हत्ती उभे आहेत, देऊळ पाठीवर घेतल्यासारखे. अनेकांच्या सोंडा फुटल्यात. धाकट्याला हत्ती मोजायला लावा, थोरल्याला खांब, म्हणजे तुम्हा दोघांना निवांत बघता येईल. त्रिपुरी पौर्णिमेला झरोक्याखाली चांदणं बघायला तुफान गर्दी होते. तुमच्या तारखा तिच्या आसपास येतील, तेव्हा ती पौर्णिमा तेवढी टाळा. आणि पायांत मोजे असू द्या, दुपारी दगड भाजतात.

देवळाच्या मागे गेलात की नदी. पलीकडे कर्नाटक. थोडा वेळ उभे राहा आणि वाडीवरूनच परत फिरा. बाजारात कृष्णाकाठची वांगी मिळतील, हिरवट, देठाला काटे असलेली. दोन किलो घ्या. इंदूरपर्यंत टिकणार नाहीत, पुण्याला आजीकडे भरीत करा.