गोव्यात घरच्या घरी चार-पाच वर्षांच्या मुलांसोबत नाताळासाठी काय करता येईल?
गोठ्यापासून, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यापासून सुरुवात करा, आणि त्यातलं गवत मुलांनाच उगवू द्या. इथल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत हीच रीत आहे: रात्रभर भिजवलेली नाचणी किंवा गहू पसरट ताटात ओल्या मातीवर 14-15 डिसेंबरला पेरले, की 24 तारखेपर्यंत बोटभर हिरवळ तयार. रोज पाणी शिंपडणं मुलांचं काम. ताट जरा उन्हात ठेवा, नाहीतर रोपं पिवळी पडतात. वेळ उरला तर कुलकुलं, म्हणजे नाताळातला तळलेला गोड खाऊ, करा. मैद्याची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, वाकडी झाली तरी चवीला तीच. तळल्यावर बशीभर मुलांच्या हातून शेजारी पाठवा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मात्र गोठ्यात बारीक मूर्ती ठेवू नका, त्या थेट तोंडात जातात.